संध्याकाळी झोपणारं मशीन

"ही पोट्टी बोलते का नाई?" रक्तपेढीच्या काउंटरवरच्या ताईंनी मॅनेजर साहेबांना विचारलं. मी काचेच्या पलीकडे सर्व्हरसमोर बसले होते. सगळं ऐकू येत होतं.

"कामाची हाय, ताई. बोलाचं काम तुमच्याकडंच राहू द्या."

कोणत्या फ्रिजमध्ये कोणत्या गटाची पिशवी, कोणती तपासलेली, कोणती कोणासाठी राखलेली, हे सगळं अमरावतीतल्या या एका जुन्या सर्व्हरवर होतं. त्याची डिस्क कुरकुरायला लागली होती. मागे एकदा दुरुस्तीसाठी तो बंद केला, तेव्हा परतवाड्याहून पिशवी न्यायला आलेली माणसं दुपारभर बाकावर बसून राहिली. म्हणून ताईंची एकच अट होती, काउंटर बंद पडायचं नाही.

मी अकोल्याच्या शाखेत दुसरा सर्व्हर उभा केला. इथे झालेली नोंद लगेच तिथेही व्हावी, आणि इथला बंद पडलाच तर काम तिथून चालावं. इथलं काम चालू असतानाच सगळ्या माहितीची प्रत तिकडे गेली. फक्त एकदा इथला सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा होता. तेवढं सांगायला मी सकाळभर वाक्य जुळवत होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मराठी कागदावर येते, तोंडापर्यंत येताना अडते. शेवटी चिठ्ठी लिहून ताईंसमोर सरकवली.

"चहा येते तवा कर," त्या म्हणाल्या. चहा संपायच्या आत सर्व्हर परत उठला.

पण रोज सकाळी अकोला मागे पडलेलं दिसायचं. रात्रीच्या नोंदी तिथे नसायच्या, मग दुपारपर्यंत भरून निघायच्या. "अकोल्याचं नेटच तसं हाय," सगळे म्हणाले. मला पटेना. काल एसटीने अकोल्याला गेले आणि शाखा बंद होईपर्यंत बसून राहिले.

तिथले शिपाई काका संध्याकाळी खिडक्या लावतात, पंखे आणि कूलर बंद करतात, आणि शेवटी मेन स्विच खाली ओढतात. मागच्या उन्हाळ्यात कूलरची वायर जळाली, तेव्हापासून मेन चालू ठेवून ते घरी जात नाहीत. मेन पडला तसा सर्व्हरखालचा यूपीएस बॅटरीवर जाऊन टीं टीं करू लागला.

"रडते थोडा येळ, मंग झोपते," काका मायेने म्हणाले. "चाल बाई, तुई गाडी चुकन."

मी नुसती मान हलवली.

आज जुन्या सर्व्हरची डिस्क बदलायला माणूस आला. त्याने पेचकस काढलासुद्धा. साहेबांच्या फोनवर अकोल्याची शाखा होती, स्पीकर चालू. "चला मॅडम, टाका काम अकोल्यावर," साहेब मला म्हणाले.

बाकावर माणसं बसली होती. संध्याकाळी काका मेन ओढणार आणि ताईंसमोरचा पडदा कोरा होणार. आणि मी हे सांगितलं, की फोनवरच काकांची खरडपट्टी निघणार.

"चालन ना व?" ताईंनी माझ्याकडे वळून विचारलं. चिठ्ठीचा कागद हाताशी होता. मी तो घेतला नाही.

"आज नाही," मी म्हणाले. "अकोल्याचं मशीन मेनसोबत रोज बंद होतं. काकांना कोणी काही बोलू नका, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. आधी त्या मशीनला वेगळी लाइन ओढून द्या. मग ताई, तुमचा चहा संपायच्या आत काउंटर अकोल्यावरून सुरू."