कोंबड्यांच्या खुराड्यातला ऑइल पंप

कल्याण रोडच्या एका गल्लीत रामनाथ मिस्त्रीचं गॅरेज आहे. धंदा काळ्या तेलाचा आणि स्वभाव सोवळ्यातल्या म्हातारीचा, असा हा माणूस. नखात काळी रेघ दिसली तर त्याला घास गिळवत नाही. इंजिन उघडायच्या आधी तो नाकाला फडका बांधतो, झाकण उचलतो, आणि मग पोटातून येते ती त्याची दणदणीत "शी!" शेजारचा वेल्डर ती ऐकली की हातातलं काम टाकून धावत येतो. आज मिस्त्रींना कशाची किळस आली, हे बघायला फुकटचा खेळ असतो ना!

पूर्णा गावच्या सावळारामची जीप उघडली त्या दिवशी तर गल्ली भरली.

जुनी पेट्रोल जीप. सावळाराम होता तेव्हा तिने अडलेल्या बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, वऱ्हाडं आणली, जत्रेला निघालेली नाटक मंडळी पेट्यांसकट, रंगांच्या डब्यांसकट, भांडणांसकट वाहिली. सावळाराम गेला आणि जीप घरच्या गोदामामागे गंजत पडली. आता त्याच्या मुलाला, कुमारला, तिची आठवण झाली होती. त्याच्या लेकीची, रूपाची, हळद तोंडावर आली होती आणि नवरीला आजोबांच्या जीपमधून मांडवात यायचं होतं. कुमारने जीप टेम्पोवर घालून आणली. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी त्याची आई बायजाबाई बसून आली आणि गॅरेजातल्या स्टुलावर ठाण मांडून बसली.

"शी! शी शी शी!" रामनाथ ओरडला. इंजिनाच्या तळाला डांबरासारखा गाळ होता आणि त्यात कुणीतरी गळती बुजवायला भसाभस फासलेल्या सिलिकॉनचे तुटके धागे लोंबत होते. "कोणी शेवया शिजवल्यात आत? कुमार, हा मेकॅनिक होता की आचारी?"

"काका, तुम्ही साफ करा ना. टेन्शन नका घेऊ."

गाळ निघाला. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य कणा, लेथवर घासून आला, पण लेथवाल्याने बजावून पाठवलं होतं, हा शेवटचा साइज. यापुढे घासायला लोखंडच उरलं नव्हतं, आणि असा दुसरा क्रँक शोधून सापडत नव्हता. आता सगळा जीव ऑइल पंपात होता. तो प्रत्येक बेअरिंगला तेल पाजतो. त्याने क्षणभर जरी हात आखडला, तर सावळारामची जीप थेट भंगारात.

जुन्या पंपात आतून खोल चरे पडले होते. तो बाद. कुमारने नवा आणला. झगमगीत खोका, त्यावर सोनेरी स्टिकर. रामनाथने वाटीत तेल ओतलं, पंपाचं तोंड त्यात बुडवलं, तेल बाहेर पडायच्या भोकावर अंगठा दाबला आणि दांडा हाताने फिरवला. चांगला पंप अंगठा उडवतो. या पंपाने अंगठ्याचा नुसता ओला मुका घेतला. रामनाथने बोट उजेडात धरलं. तेलात लोखंडाचा बारीक कीस चमकत होता.

"नवा आहे म्हणे! आतून धुतला पण नाही. नवऱ्याला आंघोळ न घालताच मुंडावळ्या बांधल्यात!"

"अहो काका, हळदीपुरती चालली तरी बस. ड्रोनने शूटिंग काढायचं, मग गोदामाच्या गेटवर शो म्हणून उभी करू. मागाहून कोण विचारतोय?"

रामनाथला गाळाची आली नव्हती एवढी किळस या वाक्याची आली. तो काही बोलणार, तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला.

"कुमार, तुजा बापूस काय शो व्हता? गारी चालाया केलीय. मना ती चाललेली पायजे, उभी न्हाय."

कुमारने नवा पंप परत खोक्यात टाकला. मग रामनाथला कोन गावचा रहमतुल्ला आठवला. त्याच्या परसात अशीच एक जीप होती. तो स्कूटर काढून निघाला.

रामनाथने काम सांगितलं, तसं रहमतुल्लाने त्याला वरून खाली न्याहाळलं. "आइए पंडितजी! पंप हवाय? घे की. पण माझ्या बेगमांची परवानगी घ्यावी लागेल."

बेगमा म्हणजे कोंबड्या. जीपचं खुराडं झालं होतं. बॉनेटखाली, इंजिनावर, बाजूला बसवलेल्या त्या पंपावर विष्ठेचा सिमेंटसारखा थर, त्यात पिसं, त्यात एक फुटकं अंडं. त्या वासाने रामनाथचे डोळे भरून आले.

"या अल्ला, रडतोस काय? कोंबड्या आहेत, सासू नाही!"

"रहमतुल्ला, तू तरी काढून दे."

"मी कापडाचे लूम चालवणारा माणूस. तुझं पाप तूच फेड."

रामनाथने फडका घट्ट केला, डोळे मिटले आणि हात घातला. कोंबड्या कलकलल्या. नट गंजलेले, बोटांखाली ओलं, चिकट, कोमट काहीतरी. दोनदा तो कुंपणाशी जाऊन ओकारी काढून आला, आणि दोनदा परत वाकला. अखेर पंप सुटला. तेल आतच कोंडून राहिलेलं. काळं, सडक्या वासाचं. पण झाकण उघडून पुसलं, तर आतले दात लखलखीत. एक चरा नाही!

तिथेच रहमतुल्लाच्या वाटीत तेल ओतलं. अंगठा दाबला. दांडा फिरवला. अंगठा उडाला आणि तेलाची पिचकारी थेट रामनाथच्या उघड्या तोंडात.

"थू! थू! थू!" तो अंगणभर नाचला.

"कैसा है?" रहमतुल्ला पोट धरून हसत होता.

"घाणेरडा!" रामनाथ थुंकत म्हणाला. "एक नंबर आहे!"

पंप रॉकेलने कितीदा धुतला याची गणती नाही. मग तेलाने भरून तो बसवला. जीप चालू करताना कुमार मोबाईल धरून उभा राहिला. इंजिन खोकलं, धडधडलं. तेलाचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाची सुई हलेना. रामनाथचा हात बंद करायच्या किल्लीवर गेला, आणि सुई उचलली, चढली, थांबली.

"झालं! चला काका."

"थांब. गार इंजिनावर सगळेच शूर. तापू दे."

इंजिन तापलं. सुई किंचित उतरली आणि तिथेच राहिली. बायजाबाई पदर कानामागे सारून ऐकत होती. मग ती उठली आणि कुणाचा हात न घेता पुढच्या सीटवर चढली.

"रामनाथ, पयले कोनला चल. त्या रहमतुल्लाला आवाज आयकवू."

रामनाथने ड्रायव्हरच्या सीटवर वर्तमानपत्र पसरलं, त्याची कड नीट दुमडली, आणि मगच बसला.