साडेचार दुखणं

गिरिधररावांनी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासला. निवृत्तीनंतर मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. दर वेळी डाव्या हातात दोन जाड सुया. नर्स शरण्या, तीही तंजावरी मराठी घरातली, विचारायची, “मामा, दहापैकी किती दुखलं?”

“सात.” दोन वर्षं सातच.

एके दिवशी सुया टोचण्याआधी तिनं त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी बर्फाची पिशवी धरली.

“सुई डाव्या हातात असते, अम्मा.”

“ठाऊक आहे. या बिंदूवर गार लागलं की दुसऱ्या हातातलं दुखणं कमी जाणवतं. दहा मिनिटं गप्प बसा.”

सुया टोचून झाल्या. गिरिधररावांनी बराच विचार केला. “साडेचार.”

“फॉर्ममध्ये अर्धा नाही, मामा.”

“मग फॉर्म चुकीचा आहे.”

शेजारच्या खाटेवर राजसबाई नावाच्या नव्या पेशंट होत्या. पहिल्याच सुईच्या धास्तीनं त्यांनी दोन्ही हात पदराखाली दडवले होते. त्यांनी हळूच विचारलं, “बर्फानं खरंच दुखत नाही?”

शरण्या ‘नाही दुखत’ म्हणणार, तेवढ्यात गिरिधरराव म्हणाले, “दुखतं. पण सातऐवजी साडेचार दुखतं.”

राजसबाईंनी पदराखालून दोन्ही हात पुढे केले.