वादळाचं बारसं

आईचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून टाळेबंदीत मी कारेगावला माहेरीच राहिले होते. तिला हलवायची सोय नव्हती आणि आमचं घर सगळं पत्र्याचं.

अशात 'निसर्ग' वादळाची बातमी आली. मी फोनवरचं मोठ्यानं वाचून दाखवलं. समुद्राभोवतालच्या तेरा देशांनी नावं आधीच देऊन ठेवलेली असतात, ती यादीतून ओळीनं एकेका वादळाला मिळतात. हे बांगलादेशानं दिलेलं. नाव असलं की लोकांच्या लक्षात राहतं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

"म्हंजी बारसंच की!" आप्पा, माझे वडील, खो खो हसले. "आन् आत्या कोण? समुद्र कुठं, आपुन कुठं. पत्र्यावर चार धोंडे वाढवू, झालं."

मागच्या खोलीतला भाडेकरू तेवढा हसला नाही. तो ओडिशाचा, कंपनीत वेल्डर. बायकोला नववा महिना, म्हणून गावी न जाता थांबलेला. सगळे त्याला 'ओडिशावाला' म्हणायचे, मीही.

"नाम मिला है, आप्पा, तो छत बाँधना पड़ेगा," तो म्हणाला. "और पत्थर मत रखो. पहले वही अंदर गिरता है."

हा आता आम्हाला शिकवणार, म्हणून मला रागच आला. मग त्यानं सांगितलं की त्याची आई अशाच एका वादळात गेली, छपरावरचा दगड अंगावर पडून. त्या वादळाचं नावही त्यानं सांगितलं. मी दोर शोधायला उठले.

वादळाच्या दिवशी सकाळपासून तो छपरावर होता. धोंडे उतरवले, पत्र्यांवरून दोर टाकले आणि दोन्ही टोकांना मातीनं भरलेली पोती बांधली. गोठ्याचं काम तेवढं राहिलं. दुपारी वारा सुटला. मी आईवर ओणवी होऊन बसले. पत्रे कडाकडा वाजत होते, पण एकही उचकटला नाही. गोठ्याचा पत्रा मात्र उडाला आणि त्यावरचा धोंडा थेट गव्हाणीत पडला. म्हैस आधीच बाहेर बांधली होती. आप्पा त्या धोंड्याकडे बघत उभे राहिले.

आई आज काठी टेकत अंगणभर हिंडते. हे त्याचे उपकार आहेत, आणि ते फिटायचे नाहीत.

आठ दिवसांनी त्याला मुलगी झाली. गाड्या बंद, गावाकडून कोण येणार? आप्पाच म्हणाले, "बारसं आपल्या घरात. आत्या हाय की ही."

बाराव्या दिवशी पाळणा सजला, बायका जमल्या. मी बाळाच्या कानात नाव सांगायला वाकले आणि तशीच थांबले. वादळाचं नाव मला त्याच्या देशासकट पाठ होतं. हा माणूस वर्षभर आमच्या मागच्या खोलीत राहत होता.

मी सरळ उभी राहिले. "दादा," मी विचारलं, "आधी तुमचं नाव सांगा."