गंगाधरभाऊजींचा कोटना

वाती निम्म्याच वळून झाल्या होत्या, तेवढ्यात शेजारच्या मीराताईंची हाक आली, “चल ना गं सोबत, आज यांना भरती करायचंय.”

यांना म्हणजे गंगाधरभाऊजींना. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त. हर्नियाचं दुखणं जुनं, सरकारी दवाखान्यातली ऑपरेशनची तारीख मात्र दर वेळी पुढे जायची. माणूस धार्मिक. वडिलांच्या नावानं दारापुढे गाईंसाठी कोटना बांधला, सिमेंटचं टाकं. त्यावर नाव रंगवलं. पाणी वरून भरायचं, जुनं कधी सांडायचं नाही. गाई हुंगून पुढे जायच्या. भाऊजींचं पुण्य जागेवरच.

पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली आरोग्यसेविका, आमची मितानीन दीदी, दर आठवड्याला सांगे, “भैया, हप्ते में एक बार खाली करके भरो. डासांची पिल्लं झाली आहेत त्यात.”

“काहून सांडू? बाबांच्या नावाचं पाणी हाये ते!”

दवाखान्यात नर्सनं खाट दाखवली. तिच्यावर दोघं आधीच झोपलेले, दोघांना सलाईन.

“नमस्ते काकाजी!” आमच्याच गल्लीतले सुशील आणि लोकेश. डेंगू. सुशीलनं कण्हत जागा केली, “बैठो ना, अपना ही मोहल्ला है.”

भाऊजी डॉक्टरवर घसरले, “सरकार करून काय राहिली? एवढ्या दवाखान्यात मले एक खाट नाही?”

डॉक्टर थकलेला होता. ऑपरेशनचा वॉर्डच तापाला दिलाय, म्हणाला. सलाईन, तपासण्या, नर्सेस, पैसा, सगळं तिकडेच चाललंय. “हर्निया रुक सकता है, बाबूजी, बुखार नहीं. आप लोग मच्छर पालना बंद करो, तो खाट खाली हो.”

“ऐकलं?” मीराताई म्हणाल्या. “पाळून राहिले तुम्ही.”

भरती न होताच रिक्षानं घरी परतलो. भाऊजी उतरले ते थेट कोटन्याकडे. तळाच्या भोकातला बोळा ओढायला वाकले आणि पोट धरून बसले.

“सरका. ऑपरेशन व्हायचंय अजून,” म्हणत मीराताईंनीच बोळा ओढला. वळवळत्या अळ्यांसकट पाणी वाहून गेलं. भाऊजींनी हात जोडले, “बाबा, ताजं भरतो.”

ताजं भरलं, आणि खरंच एक गाय आली. पोटभर प्यायली.

भाऊजी माझ्याकडे वळले, “पाह्यलं? मी म्हणत नव्हतो, गाय येते म्हणून!”

दर शनिवारी कोटना रिकामा करायचा, हे मीराताईंनी ठरवूनच टाकलं. उद्या भाऊजींना दवाखान्यात जायचंय, ऑपरेशनची नवी तारीख मागायला.