पुतळाकाकीची राखण

आमची पुतळाकाकी सख्ख्या भावाच्या हातचा चहासुद्धा आधी वास घेऊन मग प्यायची. हसू नका. खारघरच्या डोंगराखालची आमची शेतं नव्या शहरासाठी गेली, ती अशाच एका गोडबोल्या माणसाने टेप लावून मोजली होती. त्याला तांब्याभर पाणी हिनेच दिलं होतं. तेव्हापासून टेप दिसली की काकीचं डोकं फिरायचं.

उरलं होतं एवढंसं गावदेवीचं रान. आता त्याचीही मोजणी होणार, अशी कुणकुण होती. तिथला पाला कुणी उचलायचा नाही, अशी रीत. शहाण्णव साली त्याच रानात दिलीप नावाचा एक चष्मेवाला गुडघ्यांवर बसून पाला चाळताना काकीला दिसला. आणि हातात काय? टेप!

"कोन रं तू? काय मोजतोस?"

"सापसुरळी, मावशी." त्याने पिशवीतून बोटाएवढं तुकतुकीत जनावर काढून दाखवलं आणि परत पाल्यात सोडलं. "ही जात फार कुणाला ठाऊक नाही. ओल्या पाल्याखालीच जगते. शनिवारी वनखात्याच्या मोठ्या साहेबांना आणतो. त्यांनी ही पाहिली तर रान वाचेल."

"सापसुरळीला कोन मोजतं रं? मला येडी समजतोस?" काकीने कोयता उगारला. बिचारा चपला हातात घेऊन पळाला.

मग तिने गाव डोक्यावर घेतलं. "ती वळवळ हाय म्हनून तो येतो. जनावरच नाय, तर मोजनी कशाची?" तिला अडवणार कोण? सगळ्यांचेच हात पोळलेले!

शुक्रवारी तिने देवीपुढे नारळ फोडला. "आये, माफ कर, तुझ्याच रानासाठी करते," म्हणत दिवसभर खराट्याने रान झाडलं आणि सगळा पाला पेटवून दिला. संध्याकाळी काय खूश होती बाई!

शनिवारी दिलीप खरंच साहेबांना घेऊन आला. त्यांनी दगड उलटले, झाडांच्या बुंध्याशी उकरलं. काही म्हणजे काही नाही. "इथं आहे काय, दिलीप? कशाच्या जोरावर थांबवू मी मोजणी?" असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

दिलीप राखेपाशी बसून राहिला. काकी हळूहळू त्याच्याजवळ गेली.

"म्हंजी तू खरंच रान वाचवायला आलेलास?"

"हो, मावशी."

"मेल्या, मग सांगायचं नाय व्हय?"

त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

"सांगितलं होतं."