वाटणीत आलेलं खोकं

आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी बेल्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचे. जुन्या गोदामातल्या मालाची नव्या जिल्ह्यांत वाटणी झाली होती. त्यातलंच हिवताप तपासायच्या पट्ट्यांचं एक खोकं आदिलाबादहून आमच्याकडे आलं. मूळ चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी मारलेली. मला ते तेव्हाच खटकलं, पण पट्ट्यांची मुदत संपलेली नव्हती, म्हणून वापरायला घेतल्या.

एक दिवस एक बाई नवऱ्याच्या मोटारसायकलवरून आली. अंगावर चादर, दात वाजत होते. पट्टीवर दोन रेघा उमटल्या की हिवताप. तिच्या पट्टीवर एकच उमटली.

"मले हींव भरून राह्यलं अन् तुमी म्हणता काहीच नाही?" ती म्हणाली.

तिच्या आधीही बरेच तापाचे लोक मी असेच 'नाही' म्हणून परत पाठवले होते. डॉक्टरांना सांगून मी तिचं रक्त काचेवर पसरलं आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. हिवतापाचे जंतू स्पष्ट दिसत होते. बाईला लगेच औषध सुरू झालं.

माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं. चांगल्या पट्ट्या कुणीतरी बाहेर विकल्या आणि टाकाऊ माल आमच्या गळ्यात मारला. दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन मी आदिलाबादचं गोदाम गाठलं.

"हे कोणी फोडलं होतं?" मी स्टोअरकीपरला विचारलं.

"मी. मोजायले. काऊन?"

"आतला माल तर बदलला नाही ना?"

त्याचा चेहरा उतरला. "चोर म्हणून राह्यल्या काय मले? तुमीच उन्हात ठेवलं असंल!"

आम्ही दोघांनी खोक्यावरचा आणि पाकिटांवरचा नंबर ताडून पाहिला. तो एकच होता, म्हणजे माल बदललेला नव्हता. मग खोकं इतके दिवस कुठे होतं, असं मी विचारलं.

"वाटणीत चुकून निर्मल जिल्ह्याले गेलं होतं. आमचं नाही म्हणून त्यायनं आत घेतलं नाही, अन् इकडून कोणी आणायले गेलं नाही. अख्खा उन्हाळा पत्र्याखाली पडून होतं."

उकाड्यानं पट्ट्या मेल्या होत्या. त्यानं त्या परत घेतल्या, बाकीच्या दवाखान्यांना फोन केले. पुढे नवा माल आला की आधी थोडा माझ्याकडे पाठवायचा. हिवताप असलेल्या रक्तावर दोन्ही रेघा उमटल्या, तरच पुढे वाटायचा. तरी आमचं गूळपीठ काही जमलं नाही. खोकं कुठून आलं हे मी दर वेळी विचारायचे आणि तो दर वेळी चिडायचा.

परत पाठवलेल्या लोकांना आम्ही गावोगावच्या आशाताईंकरवी पुन्हा बोलावलं. बहुतेक आले. एका म्हाताऱ्यानं मात्र यायचं नाकारलं, म्हणून मीच त्याच्या घरी गेले.

"तवा खोटं सांगितलं, का आता खोटं सांगून राह्यल्या?" त्यानं विचारलं.

"तेव्हा पट्टी खराब होती, बाबा. आता काचेवर पाहते."

त्यानं बोट पुढे केलं. मी सुई टोचली, तेव्हा तो रक्ताकडे पाहत नव्हता, माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्यालाही हिवतापच निघाला. औषधाच्या गोळ्या त्यानं घेतल्या, पण आधी सुनेकडून पाकिटावरची मुदतीची तारीख वाचून घेतली.