बेचाळीस कार्डं आणि एक तास

शिकाऊ बाई वर्गावर येणार म्हटलं की माझं डोकं आधीच तापतं, आणि हे मी कुणापासून लपवत नाही. दरवर्षी शिक्षकांच्या कॉलेजातून दोघी-तिघी येतात, माझ्या पाचवीवर सरावाचे पाठ घेतात, भिंतीला रंगीत तक्ते लावतात आणि जाताना चिकटपट्टीचे डाग तेवढे मागे ठेवतात. त्यांनी घातलेला घोळ निस्तरायला मी असतेच. सत्तावीस वर्षं गणित शिकवतेय मी, त्यामुळे माझं तोंडही आता गणितासारखंच रोखठोक झालंय.

पण यंदा जी आली ती एकेचाळीस वर्षांची होती. दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई भांडायला आलीय.

"पालकांनी मधल्या सुट्टीत भेटायचं," मी फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हटलं.

"पालक नाही हो बाई," ती म्हणाली. "मी शिकवायला शिकायला आलेय."

वर्ग खो खो हसला. मी डस्टर आपटलं, तरी मला स्वतःलाच हसू येत होतं.

चौदा वर्षं ती चपला-बुटांच्या दुकानात काउंटरवर होती. दुकान सांभाळत बाहेरून पदवी घेतली. मग मालकांनी दुकानच विकलं, तेव्हा नवरा, जो शहर बससेवेत ड्रायव्हर आहे, तिला म्हणाला, "आता नाही तर कधी?" झालं! बाईसाहेबांनी कॉलेजात नाव घातलं. बरोबरच्या मुली एकवीस-बावीसच्या. त्या हिला काकू म्हणायच्या आणि मोबाईल अडला की हिच्याकडेच यायच्या. कारण ऑनलाइन जे काही निघेल ते उघडून बघायचं हिला भारी वेड. माझ्या पोरांनी तर दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, मोबाईलबाई.

हे वेड तिला चांगलंच महाग पडलं होतं. पहिल्या सत्रात दुसऱ्या एका शाळेत तिचा परीक्षेचा पाठ झाला. पस्तीस मिनिटांत तिने सात ऑनलाइन साधनं वापरली. गरगर फिरणारं चाक, टाळ्या वाजवणारं अस्वल, गाणं, बोलणारा नकाशा, आणखी काय काय. मुलं अस्वलाबरोबर नाचली. मधेच नेट गेलं, पडदा पांढरा पडला आणि ही फळ्यासमोर तशीच उभी. परीक्षकांनी शेरा दिला, 'साधने भरपूर, शिकवणे नाही.' नापास.

आता दुसरी संधी माझ्या वर्गावर होती, आणि तीच शेवटची. इथेही नापास झाली तर प्रवेश रद्द. पुन्हा नाव घालून दोन वर्षं पहिल्यापासून काढायची, आणि तोवर नोकरीची वयाची अट उलटून गेली असती. म्हणजे एका तासावर सगळा खेळ होता.

मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "दुधानं तोंड पोळलंय ना? मग आता ताकही फुंकून पी. खडू धर, फळा धर, आणि गुपचूप पास हो."

"बाई, चूक साधनांची नव्हती," ती म्हणाली. "मी मुलांना नुसतं दाखवत सुटले होते. मुलांचं काय चाललंय ते बघितलंच नाही."

"फार बोलतेस," मी म्हटलं. खरं तर तिचं बोलणं मला पटलं होतं, पण लगेच कबूल करायला मी काय वेडी आहे?

तिच्याकडे एक दोनशे पानी वही होती. एका साधनाला एक पान. खातं उघडावं लागतं का, मुलांची नावं-फोटो मागतं का, नेट गेलं तर काय, सुरू व्हायला किती मिनिटं जातात. आणि पानाच्या तळाशी एक प्रश्न: 'यातून मुलांबद्दल मला काय कळलं?' बहुतेक पानांवर तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि अशा पानांवर तिने लाल फुली मारली होती. निर्दय बाई! अस्वलावर तर दोन फुल्या होत्या.

प्रत्येक साधन आधी घरी वापरून बघायची. वर्ग म्हणजे नवरा, सासूबाई आणि नववीतली लेक. एका प्रश्नमंजुषेत सासूबाई सरळ मुलाच्या फोनमध्ये डोकावून उत्तरं द्यायला लागल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याचा नंबर शेवटचा, तोही पडद्यावर मोठ्या अक्षरांत. तो इतका फुगला की जेवायलाही येईना. "मी दिवसभर बस चालवतो, मला राजधान्या कशाला विचारता?" दुसऱ्या दिवशी वहीत तिने लिहिलं, 'नंबर सगळ्यांसमोर लावणारं काहीही नको. शेवटच्याला राग येतो, आणि पहिल्या आलेल्याने कॉपी केलेली असू शकते.' हे वाचून मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

शेवटी तिला हवं ते सापडलं. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड. कार्डावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी, प्रत्येकाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. प्रश्न विचारला की आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. बाईंनी मोबाईल वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते सगळं बाईंच्याच फोनवर उमटतं. मुलांकडे काहीच लागत नाही, आणि शेजाऱ्याचं बघून फायदा नाही, कारण त्याची नक्षीच वेगळी.

"एवढा खटाटोप कशाला?" मी म्हटलं. "मी विचारते, कळलं का? पोरं म्हणतात, होऽऽ. संपलं."

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "बाई, दुकानात पण सगळे म्हणायचे, हो हो, बसला बूट बरोबर. मी पुढून अंगठ्याने दाबून बघायची. निम्म्यांची बोटं आत दुमडलेली असायची."

कानामागून आली आणि तिखट झाली, असं मनात म्हटलं आणि वह्या तपासायला घेतल्या.

रंगीत तालमीला मात्र फजिती झाली. आम्हा शिक्षकांना एक खोड असते, हाती लागेल तो कागद लॅमिनेट करायचा. पोरं चुरगाळतील, पाणी सांडेल, पुढच्या वर्षी लागेल. हिनेही बेचाळीस कार्डं लॅमिनेट करून आणली, अगदी गुळगुळीत, चकचकीत. खिडकीतून ऊन आलं आणि सगळी कार्डं आरशासारखी चमकायला लागली. मोबाईलला नऊच कार्डं वाचता आली. पोरं तर एकमेकांच्या तोंडावर कवडसे पाडायला लागली. मला टोमणा मारायचा होता, पण तिचा चेहरा बघून जीभ आवरली.

"बाई, पाठ परवा आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग परवापर्यंत कर की नवीन," मी म्हटलं. "साध्या कागदावर छाप. माझ्याकडे जुन्या वह्यांचे पुठ्ठे आहेत गठ्ठाभर, घेऊन जा."

दोन दिवसांत त्या चौघांनी घरी बसून बेचाळीस कार्डं पुठ्ठ्यावर चिकटवली. सासूबाईंनी पाच उलटी चिकटवली, ती पुन्हा करावी लागली.

पाठाच्या दिवशी परीक्षक मागच्या बाकावर येऊन बसले. सडपातळ, निवृत्त मुख्याध्यापक, पेनचं टोपण दातात धरायची सवय. शेजारी मी. तिच्या पाठाच्या टाचणाची एक प्रत आमच्या समोर होती: अपूर्णांकांची बेरीज, मिनिटामिनिटाचा हिशोब लिहिलेला. सुरुवातीला उजळणीचा एकच प्रश्न, मग लगेच बेरीज.

प्रश्न सोपा होता. एक चतुर्थांश मोठा की एक षष्ठांश? अ, चतुर्थांश. ब, षष्ठांश. क, दोन्ही सारखे. ड, सांगता येत नाही. मी मनात म्हटलं, हे तर मी गेल्याच महिन्यात शिकवलंय, झोपेतसुद्धा सांगतील.

कार्डं वर झाली. तिने मोबाईल फिरवला. बघितलं, आणि पुन्हा फिरवला. मला वाटलं, परत चकाकी आली की काय. पण ती फोन घेऊन आमच्याकडे आली आणि गुपचूप परीक्षकांसमोर धरला. मीही मान पुढे केली.

बेचाळीसपैकी एकतीस मुलांनी 'ब' धरलं होतं. चारापेक्षा सहा मोठे, म्हणून षष्ठांश मोठा! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पहिल्या बाकावरची माझी लाडकी, जी प्रत्येक 'कळलं का'ला सगळ्यांत मोठ्याने 'हो' म्हणते, तीही त्यातच.

आता बेरीज सुरू करायची वेळ झाली होती. टाचणात तसं लिहिलेलं होतं, आणि टाचण सोडलं की मार्क जातात हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने एकदा टाचणाकडे बघितलं, एकदा मुलांकडे. मग टाचण मिटून टेबलावर ठेवलं आणि फोनही त्याच्यावर ठेवला.

"चौघं जण या बाकावर येऊन बसा," ती म्हणाली. चौघं ऐसपैस बसले. "प्रत्येकाला किती बाक मिळाला?"

"पावऽऽ!"

"पाव म्हणजेच एक चतुर्थांश. आता आणखी दोघं या." सहा जण कोंबले. कडेचा एक धपकन खाली पडला, वर्गात एकच हशा. "आता प्रत्येकाला किती?"

"एक षष्ठांश! बाई, हा मला ढकलतोय!"

"मग सांगा, चौघांत बसायला आवडेल की सहांत?"

मग माझी लाडकी तोंडावर हात ठेवून ओरडली, "अय्या! म्हणजे सहावा भाग लहान असतो?" आणि जो गलका उडाला, काय सांगू! प्रत्येकाला बाकावर बसून बघायचं होतं. तिने दोन बाकांवर बसवलं, तीन बाकांवर बसवलं, मग मुलांकडून वहीत आकृत्या काढून घेतल्या. बेरीज राहिली बाजूला. परीक्षक सारखे घड्याळ बघत होते.

तिने नवे अपूर्णांक देऊन पुन्हा प्रश्न विचारला, कार्डं वर झाली. एकोणचाळीस बरोबर. मुलांना वहीत सोडवायला उदाहरणं देऊन ती आमच्यापाशी आली.

परीक्षकांनी दातातलं टोपण काढलं. "बेरीज घेतलीच नाहीत तुम्ही."

"नाही सर. मुलं अजून तिथवर पोचली नव्हती."

"तुम्ही दोन महिने याच वर्गावर आहात. पायाच कच्चा ठेवलात, मग ही वेळ येणारच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" त्यांनी फाईल पुढे ओढली. "हा भाग या वर्गाला नीट शिकवलेला नाही, हे मला लिहावं लागेल."

माझ्याकडे एक नजर टाकली असती तरी पुरलं असतं. तिने टाकली नाही. खाली मान घालून उभी राहिली.

आणि मी? खोटं कशाला सांगू, मीही क्षणभर गप्प बसले. सत्तावीस वर्षांचं नाव आहे माझं. मग माझी मलाच इतकी चीड आली की मी उठूनच उभी राहिले.

"सर, हा भाग तिने नाही शिकवला. मी शिकवलाय," मी म्हटलं. "कळलं का विचारलं, पोरं हो म्हणाली, मी पुढे गेले. सत्तावीस वर्षं अशीच पुढे जातेय. हिने मला आज दाखवलं. लिहायचं तर माझ्या नावावर लिहा."

परीक्षक माझ्याकडे बघतच राहिले. मग तिला म्हणाले, "बसा. निकालाचं बोलू."

"सर, घंटेला सहा मिनिटं आहेत," ती म्हणाली. "तिघांचं अजून चुकतंय. मी आधी त्यांच्याकडे जाऊ का?"

"अहो, तुमच्या निकालाचं म्हणतोय मी!"

"हो सर. निकाल काय, मधल्या सुट्टीतही लागेल. तेव्हा ती तिघं खेळायला पळतील."

आणि गेली की! तिघांना हळूच एका बाकावर गोळा करून त्यांच्यात बसली. कोणाचं चुकलं ते फक्त तिच्या फोनला आणि आम्हाला माहीत, वर्गाला पत्ता नाही. परीक्षक उठून त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, वाकून ऐकायला लागले. एकाला कळलं. दुसरीने पट्टी ठेवून भाग पाडले आणि तिलाही कळलं. तिसरा अडून बसला. घंटा झाली. बाहेर पोरांचा लोंढा सुटला, पण ही तिघं उठेनात, आणि त्यांना बघून बाकीचेही उठेनात. मग तिसऱ्याने वही वर उचलली. "बाई, आठवा भाग तर त्याहून लहान! शंभरावा तर चिमुकला!"

परीक्षक जागेवर आले आणि लिहायला लागले. मी निर्लज्जपणे त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. 'पाठ टाचणाप्रमाणे झाला का?' त्यासमोर त्यांनी लिहिलं, 'नाही.' खालचा रकाना, 'विद्यार्थ्यांना आकलन झाले का?' तिथे लिहिलं, 'बेचाळीसपैकी बेचाळीस. स्वतः पाहिले.' आणि तळाशी, श्रेणी अ.

"अगं, पास झालीस!" मी ओरडले. "अ श्रेणी!"

पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली. शेजारच्या वर्गातले गुरुजी काय झालं म्हणून धावत आले. मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. ती मात्र त्या तिघांमध्येच अडकून बसली होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून. जरा वेळाने तिने विचारलं, "बाई, घरी फोन करू का?"

"कर की! विचारतेस काय?"

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, काय झालं ग, काय झालं, बोल ना! ती एवढंच म्हणाली, "आई, झाले मी शिक्षिका."